परड्यातला पाला आणि रोजची भाजी: नव्याने स्वयंपाकाला लागलेल्यांसाठी

नवीन माणूस स्वयंपाकाला लागला की आधी मसाल्याची पाकिटं जमवतो. पावभाजीचा, छोल्याचा, गोडा, गरम, सगळे फळीवर रांगेत बसतात. मग प्रत्येक भाजीत थोडं थोडं सगळंच पडतं, आणि महिन्याभरात वांगं, फ्लॉवर, दोडका यांत फरक काय ते जिभेला कळेनासं होतं. सुरुवातीचे काही महिने मोहरी, जिरं, हिंग, हळद, मीठ आणि लाल चटणी एवढ्यावरच भागवावं असं माझं मत आहे. बाकी वास ताज्या पाल्याचा येऊ द्यावा. त्यासाठी शिकायचं एवढंच, की कुठलं पान कधी घालायचं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात नोकरीला किंवा शिकायला आलेल्यांना हे तसं सोपं जातं. बेळगाव सह्याद्रीच्या कडेला, समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर. हवा मवाळ, आणि बाजारात पालेभाजी बारा महिने. गोव्याला लागणारी बरीचशी भाजी इथूनच घाट उतरून जाते. आपल्याला घाट उतरावा लागत नाही, पहाटे उपटलेली मेथी सकाळी पिशवीत येते.

आणखी एक, बाहेरून आलेल्यांसाठी. पुढे जिथं जिथं ‘चटणी’ लिहिलंय तिथं कांदा-लसूण घालून कुटलेलं लाल तिखट समजावं. ते नसेल तर साधी मिरची पूड घ्या, पण मग लसूण दोन पाकळ्या वाढवा.

आधी चार कुंड्या

परडं असेल तर प्रश्नच नाही. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर चार-पाच तास ऊन येईल अशी खिडकी किंवा गच्चीचा कोपरा पुरतो. मातीचं मात्र बघा. बेळगाव-खानापूरकडची लाल माती पाणी पटकन सोडते, तिच्यात शेणखत सढळ हाताने घाला. अथणी-गोकाककडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि कुंडीत घट्ट बसते, तिच्यात वाळू मिसळल्याशिवाय मुळं गुदमरतात.

कढीपत्त्याचं रोप विकत आणायची गरज नसते. मोठ्या झाडाच्या बुडाशी पिल्लं फुटलेली असतात; शेजारच्या काकूंकडे झाड असेल तर पावसाळ्यात एक पिल्लू मुळासकट मागून घ्या. पानं ओरबाडू नका, शेंडा खुडा. शेंडा खुडला की खालून दोन फुटवे येतात आणि झाड उंच न वाढता पसरतं. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात उभ्या करून ठेवल्या की आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. त्याला स्वतंत्र कुंडी द्या, नाहीतर तो शेजारच्याची जागा खातो. पानओव्याची, म्हणजे ओव्यासारख्या वासाच्या जाड पानांच्या रोपाची, कांडी मातीत खोवली की झालं. त्याला पाणी कमीच लागतं. जास्त पाणी घातलं की देठ कुजतो.

कोथिंबीर मात्र नखरे करते. डब्यातले धणे तसेच पेरले तर निम्मे उगवत नाहीत, कारण एका धण्यात दोन बिया असतात आणि वरचं टरफल कडक असतं. धणे पाटावर ठेवून चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडा, दोन फाकी झाल्या पाहिजेत, पीठ नको. रात्रभर भिजवून पेरले की आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात आणि पाच-सहा आठवड्यांत खुडायला येतात. एका वेळी सगळे पेरू नका. दर पंधरा दिवसांनी मूठभर पेरत गेलं तर कोथिंबीर कायम हाताशी राहते. जून-जुलैच्या झडीत उघड्यावरची कोथिंबीर आडवी पडून कुजते, कुंडी पागोळीखालून आत घ्या. एप्रिल-मे मध्ये ती उन्हाने लवकर फुलावर जाते आणि पानं बडीशेपेसारखी बारीक होतात. तेव्हा पेरणीचा हट्ट सोडा आणि विकत आणा. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचा काळ तिचा.

याशिवाय कोंब फुटलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि कांदे फेकू नका. जुन्या कपात, फुटक्या मगात, कशातही खोवा. तीन आठवड्यांत पात येते. मेथीला तर खास बियाणंही लागत नाही, स्वयंपाकघरातली मेथी पेरली की पंचवीसेक दिवसांत कोवळी भाजी.

बाजारात काय बघायचं

बेळगावचा आठवडी बाजार शनिवारी. त्या दिवशी आसपासच्या गावांतल्या बायका स्वतःच्या शेतातला पाला घेऊन बसतात. त्यांच्याकडे पेंड्या लहान असतात, कधीकधी एखादं पान किडीने खाल्लेलं असतं, पण वास बघा. शक्य असेल तिथं जवारी, म्हणजे गावठी, मागा. जवारी कोथिंबीर बुटकी, बारीक पानांची, नुसती पिशवीत ठेवली तरी घरभर वास. हायब्रीड कोथिंबीर उंच, दिसायला देखणी, फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते आणि आमटीत पडली की पत्ताच लागत नाही.

कन्नड बोलणाऱ्या अक्कांकडे शेपू मागताना ‘सब्बसगी’, मेथीला ‘मेंत्या’, अंबाडीला ‘पुंडी’ म्हटलं की व्यवहार पटकन होतो. नाही म्हटलं तरी अडत नाही, दोन्ही भाषा दोन्हीकडे कळतात. मेथी लहान गोल पानांची घ्या, मोठ्या पानांची जून असते आणि कडू जास्त. शेपूचे शेंडे पिवळे नकोत. अंबाडीचा देठ नखाने मोडून बघा, कट्कन मोडला पाहिजे. धागे निघाले तर ती दोरी वळायच्या कामाची.

निवडायचं, मग धुवायचं, मग चिरायचं

हा क्रम बदलू नका. चिरून धुतलेल्या भाजीचा अर्धा रस पाण्याबरोबर मोरीत जातो.

धुताना पसरट भांड्यात भरपूर पाणी घ्या, पाला बुडवून हलवा आणि हाताने वर उचलून दुसऱ्या भांड्यात टाका. भांडं पाल्यासकट चाळणीत ओतलं तर खाली बसलेली माती परत त्याच पानांवर येते. असं तीनदा. पावसाळ्यात चार वेळा, आणि एकदा मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून, म्हणजे पानामागचे बारीक किडे सुटतात. मग सुती कापडावर पसरा. ओला पाला कढईत टाकला की तो परतला न जाता उकडतो.

कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या फेकणारी माणसं मला समजत नाहीत. वास पानापेक्षा काडीत जास्त असतो. त्या वाटणात किंवा आमटीत बारीक चिरून घाला. मेथीची फक्त पानं आणि वरचे कोवळे देठ, शेपूचे खालचे जाड देठ काढून टाकायचे.

उरलेला पाला ठेवायचा तर न धुता, कोरडाच, कापडात गुंडाळून. ओला पाला प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की दुसऱ्या दिवशी चिकट.

पानाची वेळ

आता मुख्य गोष्ट. पाल्याचे तीन गट करा.

पहिला गट तेलात पडणारा: कढीपत्ता, लसूण. यांचा वास तेलात उतरतो आणि तेलाबरोबर भाजीभर फिरतो. कढीपत्ता शिजत्या आमटीत वरून टाकला तर तो नुसताच तरंगतो आणि जेवणारा तो ताटाच्या कडेला काढून ठेवतो.

दुसरा गट भाजीबरोबर शिजणारा: शेपू, मेथी, अंबाडी, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग. यांना थोडी आच लागते, म्हणजे कडूपणा, उग्रपणा किंवा आंबटपणा आटोक्यात येतो.

तिसरा गट शेवटचा: कोथिंबीर, पुदिना, लसणाची आणि कांद्याची हिरवी पात. यांचा वास हलका, वाफेबरोबर उडून जाणारा. गॅस बंद करा, मग घाला, झाकण ठेवा, दोन मिनिटांनी वाढा. लिंबूही तेव्हाच. चिंच, आमसूल शेवटी नाही, पण डाळ-बटाटा पूर्ण शिजल्यावर. आंबट आधी पडलं की बटाटा आणि डाळ मऊ व्हायला फार वेळ लागतो, आणि हिरवा पाला शेवाळी रंगाचा होतो. हिरवा रंग हवा असेल तर पालेभाजी झाकण न ठेवता शिजवावी हेही याच कारणाने, पाल्यातला स्वतःचा आंबटपणा वाफेबरोबर निघून जातो.

फोडणी एकदा नीट बघून करा, घाई न करता. कढई तापू द्या, तेल घाला, आणि मोहरीचा एकच दाणा टाका. तो तळाशी गपचूप बसून राहिला तर तेल थंड आहे. टाकल्याबरोबर उडून काळा पडला तर तेल जास्त तापलंय, गॅस बंद करून मिनिटभर थांबा. दाणा क्षणभर थांबून तडतडला की उरलेली मोहरी घाला. तडतड वाढते, मग ओसरायला लागते. ओसरायला लागली की जिरं, आणि आच मंद. जिरं फुगून तांबूस झालं की ठेचलेला लसूण. लसणाच्या कडा सोनेरी व्हायला लागल्या की कढीपत्ता, कोरडा पुसलेला, हातात एकदा चुरगळून. ओला असेल तर तेल अंगावर उडतं. पानं तेलात पडली की चर्र आवाज येतो. तो आवाज थांबला म्हणजे पानातलं पाणी गेलं, पान कुरकुरीत झालं. आता हिंग, आणि सगळ्यात शेवटी हळद. हळद आणि चटणी जळायला पाच-सहा सेकंद पुरतात, म्हणून ती पडल्याबरोबर भाजी कढईत गेलीच पाहिजे. भाजी आधी चिरून कढईशेजारी ठेवलेली नसेल तर फोडणीला हात लावू नका.

शेपू आणि मूगडाळ

शेपूचं नाव काढलं की नाक मुरडणारे घराघरात असतात. त्यांतले बरेचजण या भाजीने वळतात, कारण डाळ त्याचा उग्रपणा खाते. दोन माणसांसाठी एक पेंडी शेपू, पाव वाटी मूगडाळ, सात-आठ लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, दोन चमचे तेल.

१. मूगडाळ अर्धा तास भिजवून पाणी काढून टाका. शेपू निवडून, धुऊन, निथळून बारीक चिरा.

२. मोहरी, जिरं, लसूण, मिरचीचे तुकडे आणि हिंगाची फोडणी करा. हळद चिमूटभरच. इथं कढीपत्ता नको, दोन उग्र वास एकमेकांशी भांडतात.

३. डाळ घालून दोन मिनिटं परता. पाण्याचा एक हबका मारा, वर ताटली ठेवा आणि ताटलीत थोडं पाणी ओता. त्या पाण्यामुळे आतली वाफ ताटलीला लागून परत खाली पडते, भाजी करपत नाही.

४. सहा-सात मिनिटांनी डाळीचा दाणा बोटांत दाबून बघा. चेपला पाहिजे, पण दाणा म्हणून ओळखू आला पाहिजे.

५. आता शेपू. ताटली काढून टाका, मध्यम आचेवर परता. कढईभर दिसणारा पाला दोन-तीन मिनिटांत मूठभर होतो. तो बसल्यावरच मीठ घाला. आधी घातलं तर कढईभर पाल्याच्या अंदाजाने पडतं आणि भाजी खारट.

६. आणखी तीन-चार मिनिटं परतून उतरवा. ओलं खोबरं घालणारे घालतात. मला ते इथं नको वाटतं.

याच रीतीने मेथी होते. मेथीला लसूण थोडा जास्त, आणि पानं फार बारीक चिरायची नाहीत. जितकी बारीक तितकी कडू.

पातीचा झुणका

कामावरून दमून आल्यावर पंधरा मिनिटांत होणारी ही भाजी. कांद्याच्या पातीची एक पेंडी घ्या, पांढरा आणि हिरवा भाग वेगळा चिरा. मोहरी-जिऱ्याच्या फोडणीत पांढरा भाग मऊ होईपर्यंत परता, चमचाभर चटणी, हळद, मीठ. तेल नेहमीपेक्षा चमचाभर जास्त, बेसन ते पिऊन घेतं. हिरवी पात निम्मी आत्ता घाला. मग अर्धी वाटी बेसन मुठीत घेऊन थोडं थोडं भुरभुरत एका हाताने हलवत राहा. सगळं एकदम ओतलं तर गोळे होतात. पाण्याचे दोन-तीन हबके, झाकण, मंद आचेवर पाच मिनिटं. झाकण काढून उलथन्याने मोकळा करा. कच्च्या बेसनाचा वास गेला की गॅस बंद, उरलेली हिरवी पात वरून.

शाळूची भाकरी येत नसेल तर आत्ताच शिकायला बसू नका, गावात भाकऱ्या विकत देणाऱ्या मावशी असतात. भाजी जमू दे आधी.

अंबाडी

या भागात राहून अंबाडी खाल्ली नाही तर राहिलात कशाला. मराठी घरात अंबाडीची भाजी, शेजारच्या कन्नड घरात पुंडी पल्ले. दोन्हीकडे भाकरीबरोबरच, आणि दोन्हीकडे आमचीच खरी असं म्हणणारे. करायच्या पद्धतीत फरक कण्यांचा आहे. आमच्याकडे तांदळाच्या कण्या पडतात, चिकोडी-अथणीकडे जोंधळ्याच्या. जोंधळ्याच्या कण्या शिजायला वेळ घेतात पण भाजीला दाट अंग देतात, म्हणून मला त्या जास्त आवडतात.

पानं खूप आंबट असतात, त्यामुळे भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पाला शिजवायचा नाही. आंबटपणा धातूला लागतो, भाजीची चव आणि रंग दोन्ही जातात.

एक पेंडी अंबाडीची पानं धुऊन थोड्या पाण्यात पाच मिनिटं उकळा. पानं हिरव्याची खाकी होतील, घाबरू नका, अंबाडीचा रंग तसाच. पाणी गाळा आणि फेकू नका, चव बघा. शेवटी भाजी आंबटाला कमी वाटली तर यातलं दोन पळ्या परत घालता येतं. पानं गार झाल्यावर पिळून बारीक चिरा.

पाव वाटी तूरडाळ, दोन चमचे कण्या आणि मूठभर शेंगदाणे कुकरला लावा. जोंधळ्याच्या कण्या असतील तर तासभर आधी भिजवा. डाळ मऊ झाली की त्यात चिरलेली अंबाडी, हळद, दोन ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, मीठ. पळीच्या पाठीने घोटा, रवीने नको, रवीने सगळं पातळ पिठलं होतं. दहा मिनिटं मंद आचेवर रटरटू द्या. सुपारीएवढा गूळ घातला की आंबटाची धार कमी होते. गूळ कळला नाही पाहिजे.

भाजीची खरी चव वरच्या फोडणीत आहे. छोट्या कढल्यात तीन चमचे तेल, मोहरी, आणि दहा-बारा ठेचलेल्या लसूण पाकळ्या. लसूण सोनेरी होऊन कडा तांबूस व्हायला लागल्या की सुक्या मिरच्यांचे तुकडे. तिखट हवं असेल तर संकेश्वरी, रंग हवा असेल तर ब्याडगी, आणि दोन्ही हवं असेल तर एकेक. संकेश्वरी लांब, बारीक आणि चांगलीच झणझणीत, पहिल्यांदा एकच घाला. फोडणी भाजीवर ओता आणि झाकण ठेवा, लगेच ढवळू नका.

खाताना भाजीच्या मधोमध खळगा करून कच्चं शेंगतेल, आणि बाजूला बुक्कीने फोडलेला कांदा. दुसऱ्या दिवशी ही भाजी जास्त चांगली लागते, म्हणून मुद्दाम जास्त करतात.

नवलकोल

थंडीत नवलकोल कोवळे मिळतात. साल जाड काढा, कांदा चिरतो तसं बारीक चिरा, मोहरी-हिंग-कढीपत्त्याच्या फोडणीत वाफवून मीठ, खोबरं, कोथिंबीर. वरची कोवळी पानंही चिरून त्यातच घाला. हीच रीत कोबीला, फरसबीला, दुधीला चालते.

हिरव्या वाटणातली वांगी

पानाची वेळ म्हणजे काय ते या भाजीत सगळ्यात चांगलं कळतं, म्हणून एकदा जरूर करा. एक वाटी कोथिंबीर काड्यांसकट, दहा-बारा पुदिन्याची पानं, सहा लसूण पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा जिरं, पाव वाटी भाजलेले शेंगदाणे आणि मीठ जाडसर वाटा. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, सलग फिरवला की तो तापतो आणि वाटण काळपट होतं.

पाव किलो लहान जवारी वांगी चार फोडी करून मिठाच्या पाण्यात टाका. मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत निम्मं वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता, मग वांगी, अर्धी वाटी पाणी, झाकण. वांग्याच्या देठात सुरी सहज गेली की गॅस बंद करा आणि उरलेलं निम्मं वाटण कच्चंच मिसळा. शिजलेल्या वाटणाने भाजीला दाटपणा आणि खमंगपणा येतो, कच्च्याने वास आणि रंग. सगळं वाटण शिजवून एकदा बघा आणि असं करून एकदा बघा, मग मी काही सांगायची गरज नाही. भोगीला सगळ्या भाज्या एकत्र करतात तेव्हाही हेच वाटण तिळाचं कूट घालून चालतं.

न शिजवता

मेथी कोवळी असेल तर चुलीवर चढवूच नका. बारीक चिरलेली एक वाटी मेथी, एक कांदा, दोन चमचे शेंगदाण्याचं कूट, मीठ, लिंबू, किंचित साखर, आणि वरून गार झालेली मोहरी-हिंगाची फोडणी. ही पचडी जेवायला बसताना कालवायची. आधी कालवून ठेवली तर मिठाने पाणी सुटतं. इकडे भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा असं नुसतंच ताटात वाढायची पद्धत आहे. कच्चा पाला खायचा तर धुण्यात कसर नको, आणि पावसाळ्यात तो टाळलेलाच बरा. रानातून, बांधावरून आणलेला पाला ओळखीच्या जाणत्या माणसाने ‘खायचा’ म्हटल्याशिवाय तोंडात घालू नका.

खर्डा तर येत असेलच. हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर थेंबभर तेलात डाग पडेपर्यंत भाजा, मीठ आणि मूठभर कोथिंबीर घालून तव्यातच वाटीच्या बुडाने रगडा. खिडकी उघडी ठेवा.

पानओव्याची तंबळी

खानापूरच्या पलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात उन्हाळ्यात घरोघरी होणारं हे ताकातलं तोंडीलावणं. भाजी नव्हे, पण भाताबरोबर भाजीची उणीव भासू देत नाही, आणि नव्या माणसाच्या हातून सहसा बिघडत नाही.

चमचाभर तुपात अर्धा चमचा जिरं आणि चार मिरीदाणे तडतडवा, त्यात पानओव्याची आठ-दहा पानं तोडून घाला. पानं जाड आणि पाणीदार असतात, तीन-चार मिनिटं परतावी लागतात. गळून रंग काळसर झाला आणि उग्र वास बसला की उतरवा. पूर्ण गार झाल्यावर दोन चमचे ओलं खोबरं घालून गुळगुळीत वाटा आणि दीड वाटी ताज्या ताकात मिसळा. मीठ शेवटी. गरम वाटण ताकात घालू नका आणि तंबळी गॅसवर ठेवू नका, फुटते. वरून हवी तर तुपात सुकी ब्याडगी आणि मोहरीची फोडणी. गरम भातावर ओतून लगेच जेवायला बसा. रात्रीपर्यंत ठेवायची असेल तर वाटण वेगळं ठेवा आणि ताक जेवायच्या वेळीच घाला.